तांत्रिक लेखकाची पाटी

उरण, मंगळवार, नोव्हेंबर १९६१

साहेबांनी शेवटी मान्य केलं. टेबलावर आता 'कारकून' नाही, 'तांत्रिक लेखक' अशी पाटी. किती मागे लागलो होतो! होड्यांच्या इंजिनांची इंग्रजी पुस्तकं वाचायची, मिस्त्रीच्या मागे हात काळे करत फिरायचं, मग इंजिनासोबत द्यायचं माहितीपुस्तक सोप्या मराठीत लिहायचं, आणि इंजिनिअर मला चहा सांगायला पाठवणार. पाटी आली की हे थांबेल, असं वाटत होतं.

दुपारी करंजा बंदरातले होडीवाले धर्मा नाखवा आले. आमच्या कंपनीकडूनच घेतलेलं नवं इंजिन जाम झालेलं. तेल एकदाही बदललं नव्हतं. मी म्हटलं, "नाखवा, माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

"पुस्तक व्हय? ते होडीत देवाजवल ठेवलंय, भाऊ. नारल फोडला तवा हलद-कुंकू वाहिलं. कोनाला हात लावू देत न्हाय."

अभिमानाने सांगत होते. ऐन हंगामात होडी किनाऱ्यावर अडकून पडली, तरी अभिमानाने. एवढा मान मला ऑफिसात कुणी दिला नाही. पण त्या मानापायीच पुस्तक कुणी उघडलं नाही. मग मी मागत होतो ते काय?

संध्याकाळी सुताराने पाटी आणली. अक्षरं सुरेख आहेत. शिपायाने तिला कुंकू लावलं, फूल वाहिलं. सगळ्यांनी हसत हात जोडले, इंजिनिअरनेसुद्धा.

मग तो म्हणाला, "चल, आता चहा सांगून ये."

गेलो.