वितळलेला धागा

१२ ऑगस्ट, पिंपळे सौदागर, संध्याकाळ

सोसायटीचा सेक्रेटरी सोमण सकाळी विचारतो, "मॅडम, वडिलांचा झेंडा नक्की सत्तेचाळीसचा ना? पंधरा ऑगस्टला मांडताना पाटीवर लिहायचंय." काय उद्धटपणा! त्याचं तोंड बंद करायला झेंडा घेऊन थेट पिंपळे गुरवला रशीदभाई टेलरकडे गेले.

त्यांनी शिवणीतला सुटलेला धागा काढून त्याला पेटती काडी लावली. धागा वितळला, त्याचा काळा मणी झाला. "बाई, सुती असता तर राख झाली असती. हा पॉलिस्टर. सत्तेचाळीसात कुठला?"

"नंतर कोणी दुरुस्त केला असेल," मी फटकारलं.

"शिवण सगळी एकसारखी आहे. रागावू नका, झेंडा छान आहे."

तो काळा मणी अजून डोळ्यांपुढे आहे. खरं म्हणजे बाबांनी वर्ष कधी सांगितलंच नव्हतं. कारखान्यातून निवृत्त होताना झेंडा घरी आणला, एवढंच. सत्तेचाळीस मी कॉन्व्हेंट शाळेत ठोकून दिलं, सिस्टरनी शाबासकी दिली, मग माझाही विश्वास बसला. इतकी वर्षं?

सोमणला फोन केला. "लिहा, कारखान्यातला जुना झेंडा. वर्ष माहीत नाही."

"बरं मॅडम. सॉरी वगैरे म्हणू नका हं."

म्हणणारही नव्हते.