पायलटचा दुबईचा भाव

आदरणीय नत्थूजी यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे चंपतचा, नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? कोराडीच्या वीजकेंद्राची राख यंदा तुमच्या पापडांवर पडली की शेजाऱ्यांच्या? (शेजाऱ्यांच्या पडली असेल तर बरंच.) इकडे दुकान ठीक. फोनच करणार होतो, पण मी फोनवर बोललो की प्रेमिलाला स्वयंपाकघरातून दोन्ही बाजू ऐकू येतात, म्हणून कागद धरला.

आमच्या वैभवीसाठी तुम्ही सुचवलेला तुमच्या शेजारचा पायलट मुलगा, प्रीतम, रविवारी आईवडिलांसह घरी येऊन गेला. वैभवीला तो मनापासून आवडला. (पोह्यांवरचे शेंगदाणे सगळे त्याच्याच बशीत गेले, त्यावरून ओळखलं. माझ्या बशीत नुसता कांदा.) पण गांधीबागेत ठोक कापड विकण्यात जन्म गेलेला माणूस आधी भाव विचारणारच. मी माहिती काढूनच बसलो होतो. इथं को-पायलटला जे मिळतं त्याच्या कितीतरी पट कॅप्टनला, अमेरिकेतल्या कॅप्टनचा आकडा ऐकून तर मी पाणी मागितलं, आणि आखातात पगारावर कर नाही, वर राहायला घर आणि पोरांच्या शाळेची फीसुद्धा कंपनीची! तेच विमान, तेच ढग, भाव मात्र वेगळा. आमचं लुगडं शेजारच्या लकडगंजात नेलं म्हणून कोणी दुप्पट देतं का?

मुलाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काकाजी, ठरलेल्या घंट्यांचा पगार पक्का राहते, त्याच्यावर उडालो तर घंट्याप्रमाणं." म्हणजे ऑटोसारखं मीटरवर! मी म्हटलं, "मंग दुबईले काहून नाही जात गा? तिकडचा भाव घे, मंग साक्षगंधाचं बोलू." तिकडून बोलावणं आलंय, पण आईबाबांना सोडून जायचं जिवावर येतं, असं काहीतरी तो सांगू लागला.

अशा वेळी आमच्या बाजारात काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक चपला घालून निघतं आणि दुकानदार "अजी भाऊ, बसा तं!" म्हणत मागे धावतो. मीही चपला घातल्या आणि निघालो. (घर आपलंच आहे हे कोपऱ्यावर पोचल्यावर ध्यानात आलं.) पानठेल्याशी बराच वेळ उभा राहिलो, पण कोणी धावत आलं नाही. सगळ्यांना वाटलं, मी पाहुण्यांसाठी पान आणायला गेलोय. परतलो तर प्रेमिलानं सगळ्यांदेखत विचारलं, "अजी, पान कुठं हाये?"

तोवर इकडे सगळं ठरलं होतं. पोरगं भलतंच सरळ निघालं. सासऱ्याची एवढी इच्छा आहे तर दुबईला जातो, असं म्हणून मोकळं झालं. वैभवी पासपोर्ट शोधत होती, बाकीचे पेढे खात होते. एकही पैसा न सोडता मी सौदा जिंकला, नत्थूजी! गल्लीत कॉलर ताठ आहे. मी अगदी आनंदात आहे.

आपला,
चंपतराव

ता. क. आनंदात नाही. पोरगी एवढ्या लांब जाणार, हे मला पेढा तोंडात टाकल्यावर उमगलं. तो तसाच रुमालात काढून ठेवला. प्रीतम शुक्रवारी दुबईला होकार कळवणार आहे. त्याआधी त्याच्या वडिलांना गाठा आणि सांगा, की इथला पगार भरपूर आहे. माझं नाव घेऊ नका.

ता. क. दुसरा. फारच अडलं तर इथल्या आणि तिथल्या पगारातला फरक महिन्याच्या महिन्याला मी दुकानातून देतो म्हणावं. घासाघीस करणार नाही.