निधीचं अर्धं राहिलेलं प्रोजेक्ट

बॉथेल, ३ डिसेंबर २००६

प्रिय निधी,

हे पत्र शेजारच्या दीपामावशीच्या हाती देतेय. ती उद्या नागपूरला माहेरी निघालीय आणि तुला एकटीला गाठून देईन, असं तिने कबूल केलंय. फोन करून करून मी थकले गं. आजी उचलतात, निधी झोपलीय म्हणतात. भरदिवसा एवढी कसली झोपतेस? हे मावशीसमोरच वाच आणि तिच्याकडेच परत दे, उगाच घरात रामायण नको.

तुझ्या मिसचा फोन आला होता. मध्ययुगातल्या बाईवरचं तुझं प्रोजेक्ट अर्धंच राहिलं, तू परत कधी येणार, म्हणून विचारत होत्या. मी बावळटासारखी म्हणाले, येतेय ती, लवकरच. फोन ठेवला आणि किचनमध्ये खाली बसून ढसाढसा रडले. मग उठले, डोळे पुसले, तुझा चार्ट काढला आणि लायब्ररीतून पुस्तकं आणली. माझं इंग्रजी तुला ठाऊकच आहे, पानापानाला डिक्शनरी. पण तुझी ही फ्रान्सची कवयित्री आता मला सोडवत नाही.

साडेअकराशे वर्षांपूर्वीची बाई! नवरा मोठा सरदार, सदा राजकारणात, आणि ही दूर एका गावात एकटी. त्याने थोरला मुलगा राजाकडे पाठवून दिला, आपल्या इमानाची हमी म्हणून. पोटचं पोर जामीन ठेवलं मेल्याने! आईला विचारतो कोण? मग तिने त्या पोरासाठी अख्खं पुस्तक लिहिलं, लॅटिनमध्ये, अधूनमधून कविता. एका कवितेत ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत गेलं की तिचं आणि लेकाचं नाव निघतं. काय वाच, कुणाशी कसं वाग, देवाचं कधी कर, सगळं सांगितलंय. मी नाही का तुझ्या मागे लागायची, केस नीट पूस, डबा संपव, तसंच. आणि वडिलांचा मान राख, हेही बजावते. तिथे मी पुस्तक आपटलं. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही बाई.

तुला तिथे काय सांगितलंय मला माहीत नाही. माझं ऐक. सिझरच्या टाक्यांत पू झाला, मी पुन्हा ॲडमिट होते. तेव्हा बाबा म्हणाले, बाळाचं बारसं नागपूरला थाटात करू, आजीलाही पोचवतो, तीन आठवड्यांत परत येऊ. तापात होते, हो म्हटलं. घरी आले तर तुम्ही सगळे गेलेले, आणि कपाटात माझा पासपोर्टही नाही. तीन आठवडे कधीच उलटले, आता म्हणतात, तुझं डोकं ठिकाणावर नाही, मुलं तुझ्याजवळ ठेवणार नाही. निधी, तू मला ओळखतेस ना? मी चिडते, आदळआपट करते, भाजीत मीठ विसरते, पण वेडी नाही. अजून तरी नाही. मला दूध अजून येतं गं. टीशर्ट भिजतो आणि मी बाळाच्या रिकाम्या क्रिबकडे बघत बसते. नव्या पासपोर्टचा अर्ज केलाय, वकीलही गाठलाय. पण तोवर जगू कशी, ते कुणी सांगत नाही.

काल त्या बाईच्या धाकट्याबद्दल वाचलं. नवऱ्याने तोही नेला, तान्हा असताना, बाप्तिस्म्याच्या, म्हणजे त्यांच्या बारशाच्याही आधी. पुस्तक लिहीत होती तेव्हा तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. थोरल्याला लिहिते, तुझा तो लहान भाऊ बोलायला-वाचायला लागला की त्याला हे दाखव. तिथे माझा धीर सुटला. बारसं झालं म्हणे, जेवणावळ झाली. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर केलं असेल, पाळणा म्हटला असेल. मी नाव विचारलं तर बाबांनी फोन आपटला. इथे हॉस्पिटलच्या कागदावर, घाईने काढलेल्या त्याच्या पासपोर्टवरही, नुसतंच ‘बेबी बॉय’. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराला हाक कशी मारायची, ते मला माहीत नाही. एवढ्याचसाठी हे पत्र, राणी. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण ह्याच कागदाच्या मागे एक शब्द लिहून दे. तुझ्या भावाचं नाव काय ठेवलं गं?

तुझीच, आणि त्याचीही,
आई