माझ्या नावाचा टाक

अमरावती,
आश्विन वद्य पंचमी, सन १९३१

प्रिय शालू,

अक्षर ओळखशील, पण भिऊ नकोस. हे भुताचं लिहिणं नाही. मी शकुन, तुझी ताई, जिवंत आहे. खूण हवी तर सांगते: मायच्या नथीतला मोती तू मोरणा नदीत पाडलास आणि मार मी खाल्ला, हे आपल्या दोघींवाचून कुणाला ठाऊक नाही. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. मायला सांगू नकोस, बाबांनाही नाही. मी वाचले हे तुझ्या भाऊजींना कळलं तर ते येतील, आणि या खेपेला काम पुरं करूनच जातील.

गेल्या श्रावणात धुणं धुताना पाय घसरून मी बाळापूरला, सासरी, नदीच्या पुरात गेले, असं तुम्हाला सांगितलं गेलं. प्रेत सापडलं नाही म्हणून तुम्ही पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळलात. भाऊजी इतके रडले म्हणे, की बाबांनाच त्यांना सावरावं लागलं. ते ऐकून मला हसू आलं आणि मग दिवसभर अन्न गेलं नाही. हे सगळं तानुबाई सांगते. नदीच्या खालच्या अंगाला तिचं वांग्याचं वावर आहे. बाभळीत अडकलेलं माझं लुगडं तिनं पाहिलं आणि मला ओढून काढलं, लपवलं, भाजीच्या टोपल्यांमागं बसवून अकोल्याला आणलं आणि इथं आपल्या मावसबहिणीकडे धाडलं. आता मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा निवडते. मुकादम दिवसभर ओरडत असतो. ओरडणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही.

भाऊजी कधी ओरडले नाहीत ना. तू म्हणायचीस, ताई, किती मऊ बोलतात गं ते. मऊच बोलायचे. दुपारी मळ्यात आम्ही दोघं शेवंतीचे हार ओवायला बसायचो. माझं एखादं फूल उलटं ओवलं गेलं की ते हार बाजूला ठेवायचे, माझा हात आपल्या मांडीवर घ्यायचे आणि हाराची सुई नखाखाली सारायचे. अगदी हळू. मग विचारायचे, "शकुन, राग तं नाही न आला तुले?" नाही म्हटलं तरी दुसरं बोट, हो म्हटलं तरी दुसरं बोट. कोणतं उत्तर द्यायचं ते मला तीन वर्षांत कळलं नाही. हार देवळात जायचे, लोक त्यांच्या हातांची तारीफ करायचे. अजूनही मागून कुणी हळू बोललं की मी मुठी आवळून घेते.

मी मायला सांगितलं होतं गं. नागपंचमीला आले तेव्हा, तू अंगणात झोका घेत होतीस. माझी काळी नखं पाहून ती रडली, तेल लावलं आणि म्हणाली, "बाई, तो दारू पेत नाही, हात उचलत नाही. सुई तं माह्याई बोटाले टोचते." तिसऱ्या दिवशी बाबांनी मला पोचवलं, आणि मायचा निरोपही पोचवला, की जावईबापू, पोरीला जरा जपा. तिला वाटलं, आपण लेकीची बाजू घेतली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी भाऊजी मला नदीवर घेऊन गेले. पलीकडच्या काठावर गुरं चरत होती. लग्नात धरला होता तसा माझा हात धरून त्यांनी विचारलं, "मायले काय सांगतलं तुनं?" त्यांनी मला ढकललं. मी एकदा पाण्यावर आले, तेव्हा ते उकिडवे बसून बघत होते, हार नीट झाला की नाही हे बघायचे तसेच.

परवा तानुबाई आली होती. अकोल्याच्या जुन्या शहरात सोनाराकडे तिला बाबा दिसले, चांदीचा टाक घडवून घेताना. माझ्या नावाचा. मेलेल्या सवतीचा टाक दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं गळ्यात घालायचा, म्हणजे सवत छळत नाही. तुळशीचं लग्न झालं की तू देवीदासच्या घरी जाणार. हो, मी नवऱ्याचं नाव लिहिलं. शालू, तू रोज त्या टाकाला कुंकू लावून म्हणशील, ताई, त्रास देऊ नकोस. त्या घरात छळणारी मी नाही गं. सकाळपासून दाराला कडी घालून बसले आहे, कारण पुढचं लिहिणं म्हणजे त्याला माझा ठावठिकाणा देणं आहे. वर लिहिलंय, पत्र चुलीत घाल. नको घालूस. बाबांच्या हातात दे. सोनाराच्या दुकानात, चार माणसांसमोर मोठ्यानं वाचायला लाव. जिवंत बाईचा टाक कुणी घडवत नाही. मग तो येईल. मला भीती वाटते, फार वाटते, तरी येऊ दे. तुझा गळा तेवढा मोकळा राहू दे.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
शकुनताई