ललिताबाईंची सरळ वाट

१२ नोव्हेंबर २००८, आंधळगाव

— आणि पहिला टिकाव वाटेच्या बरोबर मध्यात! फीत धरून मी उभा. बाग समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव खूश. ‘ललिताबाईंचा पुतळा इथंच, गुरुजी. चारी बाजूंनी दिसला पाहिजे.’

दिसेल. चालता मात्र येणार नाही.

१३ नोव्हेंबर

मालगुजारांची बाग गावाला मिळाली तेव्हा आत सगळ्या गोल गोल वाटा. ललिताबाई पंच झाल्या आणि त्या मोडल्या. कडुलिंबाच्या दोन रांगा, मध्ये एक लांब सरळ वाट. कारण साधं — विणकर बायकांना कोशाच्या रेशमाचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे लांब उभे धागे, पसरायला जागा नव्हती. रस्त्यावर पसरला की बैलगाडी सुतातून!

आता ललिताबाई नाहीत. झाडं वर एकमेकांना भेटली आहेत. खाली अजून रोज सकाळी ताणे. आणि त्याच वाटेत त्यांचा पुतळा!

१५ नोव्हेंबर

त्यांची लेक कुसुमताई आली. हीही विणते. खड्ड्यात डोकावली.

‘आईले उभी करून राहिले का गाडून राहिले?’

‘सन्मान आहे,’ लक्ष्मणराव म्हणाले.

‘मंग ताणा कुठं पसरू? तुमच्या डोक्यावर?’

मला हसू आवरेना.

१६ नोव्हेंबर

काही नाही. खड्ड्यात दोन कुत्री.

१९ नोव्हेंबर

अनावरणाला लक्ष्मणरावांना कोशाचं धोतर हवं. आणि ते कुसुमताईकडचंच! मला सोबत नेलं. तिनं चहा दिला. नाही म्हणाली नाही.

‘देतो ना, भाऊ. ताण्याले तेवढा खड्डा आडवा येते.’

लक्ष्मणराव चहा फुंकत राहिले. कप रिकामा झाला तरी फुंकत राहिले!

२० नोव्हेंबर

खड्डा बुजवला. पुतळा आता वाटेच्या शेवटी, भिंतीपाशी. लक्ष्मणराव सगळ्यांना सांगतात — कल्पना माझीच.

७ डिसेंबर

अनावरण झालं. धोतर झकास. भाषण लांब. ललिताबाई सिमेंटच्या, नाक जरा मोठं. कुसुमताई हळूच म्हणाली, ‘पाय पक्के बसवले ना, गुरुजी?’ का विचारलं, कळलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी बागेत गेलो. हार काढून कठड्यावर नीट ठेवलेला. पुतळ्याच्या कमरेला ताण्याचा दोर, पुढं वाटभर पसरलेलं सूत. दुसऱ्या टोकाला लक्ष्मणराव, कालच्याच धोतरात. कुसुमताई सांगत होती, ‘ओढा भाऊ, जोरानं. आई हालत नाही.’