कोशात सापडलेलं तुझं काम

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

मनापासून नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तुझा खांदा पुन्हा धरलाय, असं वहिनीच्या पत्रातून कळलं. शेकतोस का, की तसाच दामटतोस? तिच्या पत्राखाली तू 'सर्व ठीक' एवढंच लिहितोस. तीन वर्षं झाली, त्यापुढे तुझं पेन सरकलेलं नाही.

ऑफिसातली एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या इंग्रजी-मराठी कोशातून जुने शब्द गाळायचं काम चाललंय. गेल्या आठवड्यात माझ्या गठ्ठ्यात 'फेटल' निघाला. चिठ्ठीवर संपादकबाईंचा लाल शेरा: 'मृत. गाळावा.' मी बघतच राहिले. तुमच्या फाउंड्रीत दिवसभर ज्याचं नाव घेतात, तो शब्द मेला कधी?

मग जुने कोश उपसले. फेटल म्हणजे नीट करणं, ठाकठीक करणं. आणखी मागे, हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'फेटेल' म्हणजे कमरेचा पट्टा. जाणकार म्हणतात, बहुधा त्यावरूनच हा शब्द आला. पट्टा आवळायचा आणि कामाला लागायचं. आपण कंबर कसतो, तसंच. वाचलं आणि चामड्याचं एप्रन करकचून बांधणारा तू डोळ्यांसमोर आलास.

लहानपणी मी तुझा डबा घेऊन यायचे, तेव्हा दारातून बघत बसायचे. साच्यातून निघालेलं कास्टिंग म्हणजे अंगभर वाळू आणि कडेला धारदार पापुद्रे. तू ते छिन्नीने उडवायचास, ग्राइंडर मारायचास, तेच तुमचं फेटलिंग, आणि शेवटी हातमोजा काढून उघडा तळहात कडेवरून फिरवायचास. "मोज्याला काही कळत नाही गं," म्हणायचास. आज मी प्रुफं तपासते तेव्हा शेवटचं वाचन ओळीवर बोट ठेवून करते. लोक माझं कौतुक करतात. ते तुझं आहे, दादा.

काल बैठकीत बाईंनी विचारलं, "हा शब्द आज वापरतं कोण?"

"माझा दादा," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं फेटलिंग करतोय."

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुला भाऊ आहे?"

सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतात त्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वर्षांपूर्वी, मी तुमच्या घरी विसरलेला चष्मा द्यायला तू ऑफिसात आला होतास, त्या दिवशीचं लिहिते आता. कामावरून थेट आलास, केसांत काळी धूळ होती. बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "ओळखीचे आहेत." तू दोन पावलांवर होतास. ऐकलंस आणि मला सांभाळून घेतलंस. चष्मा पुढे करून म्हणालास, "जपून ठेवा, मॅडम." पाणीसुद्धा न पिता जिना उतरलास. मला लाज वाटली होती तुझी. आता माझीच वाटते.

हे सगळं मी काल बैठकीत सांगितलं. बाईंनी लाल शेरा खोडला. म्हणाल्या, अर्थ तुझ्या भावाच्या तोंडून ऐकून लिहू. शुक्रवारी दुपारी येशील? कामावरून आहेस तसाच ये. मी खाली फाटकापाशी उभी राहीन आणि वर येताना प्रत्येक टेबलापाशी तू कोण ते सांगेन. यावंसं वाटलं नाही तर तेही समजेन. फक्त मॅडम म्हणू नकोस.

त्या दिवशी तुझ्याबद्दल नेमकी गप्प बसलेली,
तुझी सख्खी बहीण
बडबडी