कल्हईचा दिवस

४ जानेवारी
सूनबाईनं, मृणालनं, कामाला लावलं. सोसायटीतल्या बायका घरोघरच्या पाककृतींची पुस्तिका काढताहेत. म्हणे, "बाबा, आईंच्या डाळिंब्यांच्या उसळीवर तुम्हीच लिहा. आणि ती भांड्यांची कविता द्या सोबत." बायको, सु., जाऊन सहा वर्षं झाली. तिची उसळ या घरात अजून कुणाला जमलेली नाही.
कविता शोधली. चाळीसेक वर्षांपूर्वीची. शाळेतून घरी आलो तर अंगणात कल्हईवाल्याचा भाता, नवसागराचा धूर, आणि आमची सगळी पितळी भांडी ओळीनं लखलखत मांडलेली —
अंगणात भरली चांदीची शाळा,
पातेली बसली प्रार्थनेला...
भाबडी आहे. तरी दोनदा वाचली. किती वर्गांकडून पाठ करून घेतली!

७ जानेवारी
गूळ किती, आमसुलं किती, सु.नं कुठं लिहून ठेवलेलं नाही. मग हिराबाई आठवली. कोन गावची, आगरी. कडवे वाल मोड आणून, सोलून मागच्या दारी द्यायची. सु.शी तिचं मेतकूट. पुढे यायची थांबली. जमिनी विकल्या, दारात गाड्या आल्या, आता कशाला वाल सोलत बसेल, असं मी धरून चाललो.
परवा जातो. कविता वाचून दाखवीन. त्या दिवसांतलं माणूस आहे, खूश होईल.

९ जानेवारी
हिराबाईकडे जाऊन आलो. लगेच लिहितो.
दुमजली बंगला, ओट्यावर झोपाळा, झोपाळ्यावर हिराबाई. "मास्तर! वाल सुकतात तसं सुकलात की!" हसणं तेच. मी कविता वाचली. ती हसायची थांबली.
"परत वाचा."
वाचली.
"तुमाला खरंच म्हाईत नाय?"
माझी आई तेव्हा पेणला मावशीकडे. सु. टायफॉइडनं झोपून. हिराबाई वाल घेऊन आली, सु.ला उठवेना, म्हणून हिराबाईनंच आत येऊन उसळ रांधली. "लसूण नाय घातला. तुमच्यासारकीच केली. दारातून बघून बघून पाठ झालेली." ती मी सु.नं केलेली समजून जेवलो. दोनदा वाढून घेतली.
दुसऱ्या दिवशी आई परतली. शेजारून कळलं. हिराबाईनं सोललेले वाल आईला चालत, कच्चे म्हणून. शिजवलेलं नाही. उरलेली उसळ गाईपुढे गेली. घरातलं भांडं न् भांडं राखेनं घासून, कल्हईवाल्याला बोलावून विस्तवावरून काढलं.
"मी फाटकाशी उभी व्हते, मास्तर. तुमच्या आयनी आत येऊ नाय दिलं. कल्हईवाला मुसलमान. त्याचा हात चालला. माझा नाय."
सु.नं तिच्यापुढे हात जोडले होते म्हणे, यांना सांगू नकोस, आईंशी भांडतील.
मी गूळ विचारायला गेलो होतो. न विचारताच आलो.

१० जानेवारी
भांडलो असतो का मी? नाही. सु.ला ते ठाऊक असणार. मला सांगून काय निष्पन्न होणार, हे तिनं ओळखलं, आणि हिराबाईपुढे माझी अब्रू राखली.
त्या संध्याकाळी सु. रडली होती का? आठवत नाही. मला फक्त भाता आठवतो. आणि तो उजेड. त्या उजेडावर मी कविता —

१२ जानेवारी
कविता परत मागितली. मृणाल वैतागली. "बाबा, सगळ्यांना आवडलीय! पुस्तिका उद्या छापायला जातेय." मग सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. "आपल्याकडे? आपल्या घरात?"
मग हळूच, "बाबा, आपल्या भांडीवाल्या मावशींचा कप सिंकखाली वेगळा असतो."
"कुणी ठेवला?"
"मी नाही. मी आले तेव्हापासून तिथंच आहे. आईंनी ठेवलेला."
सु.नं.
उठून कप बघितला. निळ्या फुलांचा. रोज त्याच्यासमोरून मी पाणी प्यायला जातो.

१४ जानेवारी
हिराबाईला फोन केला. माफी कशी मागायची ते सुचेना, एकदम म्हणालो, घरी जेवायला या.
"त्या दिसापास्नं मी कोनाच्या घरी जेवत नाय. लग्नात पन नाय. पानी पिते नि उठते."
मग तीच म्हणाली, "सूनबाईच्या हातचं नको. तुमी रांधाल? येतं का?"
नाही येत. सत्त्याहत्तरीपर्यंत चहापलीकडे हात गेलेला नाही.
"मंग शिका. रविवारी बगू. येतेच असं नाय म्हनत मी."

१६ जानेवारी
वाल सोलून नखं काळी. पहिल्या उसळीचं पिठलं झालं. मृणाल दारात उभी राहून हसत होती, "बाबा, ढवळू नका हो इतकं!" तिला हात लावू दिला नाही. दुसरी जरा बरी. गूळ अंदाजानंच.

१८ जानेवारी, रविवार
उसळ झाली. डाळिंब्या अख्ख्या राहिल्या. ताट वाढून झाकून ठेवलंय.
साडेबाराला हिराबाईच्या मुलाचा फोन: "मास्तर, आय खाली गाडीत बसलीय. वर चल म्हटलं तर बोलत नाय. जरा थांबा."
वीस मिनिटं झाली. खिडकीतून गाडीचं टप तेवढं दिसतं. मृणाल म्हणते, खाली जा. खाली गेलो तर ओढून आणल्यासारखं होईल, तिचं तिला ठरवू दे, असं मी म्हणालो. म्हणताना बरं वाटलं. लिहिताना कळतंय, ती फाटकाशी उभी असताना मला काही ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे, आणि मी वर बसून रोजनिशी लिहितोय.
चपला घालतो.